आधीचं वजन

लिफ्टमध्ये पितळी पाटी आहे. आठ माणसे, पाचशे चव्वेचाळीस किलो. म्हणजे माणूस अडुसष्ट किलोचा, असं लिफ्ट बनवणाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं आहे.

उकडलेला बटाटा गार झाला की घशात अडकतो. पाणी लागतं.

प्रवासाची बॅग किती भरली हे बघायला नवरा ती छातीशी धरून घरातल्या वजनकाट्यावर चढतो. मग तिच्याशिवाय चढतो. मग मोठी वजाबाकी जमल्यासारखा चेहरा करून आकडा जाहीर करतो.

कपड्यांचं वजन उन्हाळ्यात अर्धा किलो आणि थंडीत एक किलो धरावं. हे ठरवायला पाच पदवीधरांना अख्खी सकाळ लागली. आतल्या कपड्यांचा विषय निघाला तेव्हा त्यातल्या दोघांनी खिडकीबाहेर पाहिलं.

जिन्यात शेजारीण म्हणाली, "अंग धरलंस हं. मानवलंय तुला." काय मानवलं ते तिने सांगितलं नाही.

बैठकीत ठरलं की मी परत आधीची.

तसं माझं नाव कुणी घेतलं नाही. 'अशा बायका' एवढंच म्हणाले, आणि मी टेबलाच्या टोकाला बसून ते टिपून घेत होते म्हणून कुणाला अवघडल्यासारखं झालं असेल, तर ते त्यांनी बिस्किटाबरोबर गिळलं. आमच्या इस्पितळाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर एक अभ्यास चालतो. गर्भ राहण्याआधी बाईचं वजन किती असतं आणि राहिल्यावर ते किती, कधी, कुठल्या वेगाने वाढतं, हा त्याचा विषय. मूल हवं असलेल्या बायका नोंदवून घ्यायच्या, दर महिन्याला काट्यावर उभ्या करायच्या आणि वाट बघायची. गर्भ राहिला की बाई 'आधी'मधून 'दरम्यान'मध्ये जाते, बाळंत झाली की 'नंतर'मध्ये. या घराला तीनच खोल्या. माझं काम आलेले आकडे तपासून कॉम्प्युटरमध्ये नीट लावण्याचं. कुणी वजनाच्या जागी उंची लिहून एखादीला एकशे पंचावन्न किलोची करून ठेवलेलं असतं, ते उपसायचं. कुणी वजन न घेताच मागच्या महिन्याचं पुढे उतरवलेलं असतं, ते ओळखायचं. हे काम इतकी वर्षं केल्यावर माणसांविषयी प्रेम उरत नाही. नव्याने येणाऱ्या बाईला आधी तोंडी विचारतात, वजन किती, आणि मग काट्यावर उभं करतात. तोंडचं वजन नेहमी तिच्या लग्नाच्या फोटोतलं असतं. काट्यावर उभी राहिली की ती श्वास आत ओढते. हवेला वजन नसतं असं तिला वाटतं की असतं असं वाटतं, देव जाणे. आणि वजन घेणारी आमची काटेवाली, जिला हाक मारायला दुसरं नाव आहे पण ते कुणी वापरत नाही, ती आवडत्या बायकांचे वरचे तीनचारशे ग्रॅम सोडून देते आणि नमस्कार न करणाऱ्यांचे वर ढकलते. आकड्यांच्या शेवटी शून्य आणि पाच यांची गर्दी दिसते ती तिच्यामुळे. तिच्या दृष्टीने हे माणुसकीत बसतं.

या अभ्यासात मी कशी आले, ते सांगण्यासारखं नाही, म्हणून सांगते. बायका कमी पडत होत्या. मूल हवं असलेल्या बायका गावभर असतात, पण मूल व्हायच्या आधीच दर महिन्याला येऊन 'अजून नाही' असं वजन करून जायला कुणाला आवडतं? एकदा दोनदा येतात आणि मग फोन उचलत नाहीत. अभ्यास चालवणाऱ्या मॅडमच्या वर समिती बसलेली, समितीला आकडा हवा. मॅडम स्वतः काटकुळ्या, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत फिरतं, आणि वजनावर बोलताना त्यांच्या डोळ्यांत एक तृप्ती येते. त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझंही चाललंच असेल ना? मग घरचीच एक धरू." चाललंच असेल. जसं काही भिंतीला रंग देणं चाललं असेल. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला जितकं बोलावं लागलं असतं तितकं मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं. पुढे ज्या महिन्यात ते चाललेलं लागू पडून दिवस राहिले, तो महिना काटेवालीने आधी ओळखला, नवऱ्याने नंतर. खाली तपासणी झाली आणि वरच्या मजल्यावर आनंदीआनंद. आनंद माझ्यासाठी नव्हता, रेघेसाठी होता. आमचा संख्याशास्त्री, ज्याला आम्ही सगळे 'सरासरी' म्हणतो आणि जो ते ऐकून खूश होतो, त्याने माझी रेघ काढून भिंतीवर लावली. आधीचे इतके महिने सरळ आडवी, मग हळूच वर. "इतकी स्वच्छ रेघ आपल्याकडे दुसरी नाही," तो म्हणाला. "आधीपासून एकाच काट्यावर, एकाच सकाळच्या वेळी, एकाच प्रकारच्या चपला काढून." लोक चहाचे कप घेऊन माझ्या रेघेसमोर उभे राहत. मीही राहिले. अठ्ठावन्नवरून निघालेली ती रेघ बघताना मला एक मूर्ख अभिमान वाटत असे, वर्गात उभं करून ज्याचं अक्षर दाखवतात त्या पोरासारखा.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा पडदा स्वतःकडे वळवून घेतला आणि त्या बोलायच्या थांबल्या. पुढचं सगळ्यांना माहीत असतं तसंच झालं. तळमजल्यावर आत गेले, बाहेर आले, नवऱ्याने रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याने गाणं बारीक केलं. त्या बारीक करण्याचा मला राग आला, तो अजून आहे. आठवड्याने कामावर परतले तेव्हा भिंतीवरची रेघ काढून टाकलेली होती आणि तिच्या जागी आगीपासून बचाव कसा करावा याचं चित्र होतं. सगळे माझ्याशी जरा मोठ्याने बोलत होते. शिकाऊ डॉक्टरीण माझ्या टेबलावर फुलं ठेवून पळाली. काटेवाली म्हणाली, "होतं गं. माझ्या जावेला दोन वेळा झालं. आता तीन पोरं आहेत, एकही धड नाही." हे सांत्वनातलं त्यातल्या त्यात बरं. महिना भरल्यावर तिने मला काट्यावर उभं केलं आणि आकडा आला एकसष्ट. आत काही नव्हतं आणि तीन किलो होते.

त्या तीन किलोंवर सगळ्यांचा डोळा आहे. खालच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी सुरुवात चांगल्या वजनाने करू या." नवऱ्याने आणलेली उड्या मारायची दोरी दाराच्या कडीला लटकते आहे, मी रोज तिला वळसा घालून जाते. सासूबाईंनी माझ्या ताटातला भात न बोलता कमी केला, आणि मी न बोलता परत घेतला, तेव्हा त्यांनी आपल्या मुलाला मला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "तू तिला काही म्हणू नकोस. दुःखात माणूस खातं. तुझी आत्या तर साखरेचा डबा कुशीत घेऊन बसायची." मी दुःखात खात नाही. दुःखात खाणाऱ्या बायका मला माहीत आहेत, त्यांची वजनं माझ्याकडे आहेत. मी ठरवून खाते. सकाळी दोन अंडी, अकराच्या सुमाराला जुन्या फायलींच्या खोलीत उभ्याउभ्या केळी, दुपारी डबा, चारला गार बटाटे, मीठ लावून. एकसष्ट खाली येऊ द्यायचं नाही. यात काय साधतं असं कुणी विचारलं तर त्याला उत्तर द्यायची माझी इच्छा नाही, पण विचारणार कोण? ज्याला आकार आला नाही, ज्याला नाव द्यायची वेळ आली नाही, ज्याचं छायाचित्र म्हणजे एक राखाडी डाग, त्याने या जगात येऊन एक केलं: मला तीन किलोंनी जड केलं. बाकी पुरावा नाही. घरातल्या लोकांना तेवढाही उतरवून हवा आहे.

नवरा घरातल्या काट्यावरून उतरून म्हणाला, "तुझं एकसष्ट झालंय."

"तुला कसं कळलं?"

"शेवटचा आकडा राहतो त्यावर. मी चढायच्या आधी तुझा दिसतो."

"मग?"

"मग काही नाही. डॉक्टर म्हणाल्या ना, तीनेक किलो उतरवू आणि मग बघू."

"कुठले तीन?"

"कुठले म्हणजे? किलो काय ओळखीचे असतात?"

तो वाईट माणूस नाही. त्याने हे हसत म्हटलं, मला हसवायला म्हटलं, आणि मी हसले नाही तेव्हा तो दात घासायला गेला आणि नेहमीपेक्षा बराच वेळ घासत राहिला. वाईट माणसाशी भांडता येतं. या माणसाचं कौतुक करण्यापलीकडे त्याच्याशी काही करता येत नाही. त्या दिवसांत त्याने माझे पाय दाबले, कपडे धुतले, ऑफिसात कुणाला काही सांगितलं नाही. त्याला रडायचं होतं तेव्हा तो गाडी पुसायला खाली गेला. गाडी इतकी चकचकीत कधीच नव्हती.

तर बैठक. मधल्या टेबलावर बिस्किटं, मॅडम, सरासरी, शिकाऊ डॉक्टरीण, आणि टिपणं घ्यायला मी. विषय असा, की ज्यांचं मधेच थांबलं अशा बायकांचं काय करायचं. त्या 'दरम्यान'मध्ये राहू शकत नाहीत कारण दरम्यान काही नाही, 'नंतर'मध्ये जाऊ शकत नाहीत कारण झालं काही नाही, आणि वगळल्या तर संख्या पडते.

"शून्यावर आणू," सरासरी म्हणाला. "आज जिथे उभ्या राहतील ते त्यांचं आधीचं वजन धरू. तिथून पुढे मोजायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर, पाटी कोरी."

"तुमच्या भाषेत म्हणजे मराठीतच ना?" मॅडम म्हणाल्या आणि तो हसला. "पण मला आवडलं. स्वच्छ आहे."

शिकाऊ डॉक्टरिणीने विचारलं, "आणि मधले महिने?"

"ते नाही मोजले तरी बिघडत नाही," सरासरी म्हणाला. "अपुरीच रेघ ती. अशा बायका आहेत किती, चाळीसेक. पण चाळीसेक परत मिळाल्या तर मोठंच काम होईल."

मी पेन थांबवलं. बैठकीत मी बोलत नाही, ती रीत नाही, म्हणून माझा आवाज निघाला तेव्हा मलाच तो बाजूच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "मधल्या महिन्यांत जे वाढलं, ते?"

सरासरीने माझ्याकडे न बघता बिस्किटाचा तुकडा मोडला. त्याला कोण विचारतंय हे कळत होतं, आणि कळत असलेलं दिसू नये एवढी अक्कल त्याला होती. "ते आता त्यांचंच झालं," तो म्हणाला.

ते आता त्यांचंच झालं. हे वाक्य मी टिपणात उतरवलं नाही, पण माझ्याबरोबर ते खाली गेलं, लिफ्टमध्ये उभं राहिलं, घरी येऊन जेवलं. म्हणजे मी मुळातच एकसष्टची. अठ्ठावन्नची बाई कधी नव्हतीच, ती अठ्ठावन्नवरून निघाली नाही, तिला कुणी वाढवलं नाही. ते तीन किलो माझ्या भुकेचे, माझ्या आळसाचे, दोरीला वळसा घालून जाण्याचे. उद्या मला पुन्हा राहिलं तर रेघ एकसष्टवर सुरू होईल, सरळ, स्वच्छ, आणि त्या सपाट सुरुवातीच्या आत जे दडपलेलं असेल ते शोधायला कुणी येणार नाही. हे मी सासूबाईंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, अगं, मागचं उगाळू नये. सगळं जग मागचं उगाळू नये असं म्हणणाऱ्या बायकांनी भरलेलं आहे आणि त्या सगळ्या मागचंच उगाळतात. फक्त आपलं.

दुसऱ्या दिवशी मी ठरलेलं काम करायला बसले. यात कौशल्य काही नाही. एक यादी, एक आज्ञा, आणि बायका एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात. त्या चाळीस जणींकडे मी फारसं बघितलं नाही. मला त्यांच्याविषयी काही वाटत नव्हतं, वाटायला हवं असंही वाटत नव्हतं. त्यांपैकी एकीने एकदा माझ्याकडे तक्रार केली होती की काटेवालीने तिचे पैंजण काढायला लावले. पैंजण. त्या गेल्या सगळ्या आधीमध्ये. मग माझी ओळ आली. ती मी मागे ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. ओळीसमोर एक लहान खिडकी उघडते. सहभाग संपला असेल तर कारण निवडा:

स्थलांतर.
नकार.
संपर्क नाही.
मृत्यू.
इतर.

ही यादी मीच कधीतरी टाइप केली होती, जेवणाआधी, घाईत. शेकडो वेळा ती डोळ्यांखालून गेली असेल. मृत्यू. कुणाचा, ते तिथे विचारलेलं नव्हतं. मी चौथं कारण निवडलं आणि डबा उघडला.

माझा असा समज होता की हे कुणाला महिनोन्महिने कळणार नाही. इतकी वर्षं या यंत्राजवळ बसून मला हे सुचू नये, यावरून माझी हुशारी किती ते दिसतं. पुढची सकाळ वजनाची होती. बाहेर बाकावर सातआठ बायका, हातात चपला. कर्मचारी म्हणून मला पहिला नंबर. काटेवालीने माझा क्रमांक दाबला, पुन्हा दाबला.

"घेत नाहीये हे तुला."

"नसेल घेत."

"लाल पट्टी येतेय. थांब, चष्मा लावते." तिने चष्मा लावला, मान मागे नेली, पुढे आणली. "अगं बाई. तू वारलीस म्हणतंय."

बाकावरची एक फिसकन हसली. दुसरी म्हणाली, "मग त्यांना बाजूला होऊ द्या. आम्हाला घरी कामं आहेत."

"गप गं," काटेवाली म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून, आवाज खाली न आणता, "कुणी केलं हे? त्या नव्या पोरीने? तिचं लक्ष सगळं फोनमध्ये."

"मी केलं."

काटेवालीने काट्यावर ठेवलेलं आपलं बोट उचललं आणि पुढच्या बाईला हाक मारली. ती काही न बोलल्याबद्दल मी तिचे आभार मानण्याच्या बेतात होते, तेवढ्यात ती थेट मॅडमच्या खोलीकडे निघाली. चपला न घालता, इतकी घाई.

मॅडमनी दार लावून घेतलं. दार लावून घेणं ही त्यांची सहानुभूती. "मला आधी हसू आलं, खरं सांगते," त्या म्हणाल्या. "मग घाबरले. मृत्यू झाला की समितीला कळवावं लागतं, माहीत आहे ना तुला? चौकशी होते. आपण काय केलं, काय नाही केलं."

"कळवा."

"काय कळवू? कोण मेलं?"

मी त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. ते काट्यांची बाजू आत करून लोंबत होतं. त्या प्रश्नाला एक उत्तर होतं आणि ते खोलीत दोघींनाही माहीत होतं, आणि ते म्हणायला लागलं असतं तर मी रडले असते, आणि मी रडले असते तर मॅडमनी ड्रॉवरमधून कागदी रुमालांचा डबा काढला असता. तो तिथे असतो. तो काढायची संधी मी त्यांना देणार नव्हते.

"अगं, मला कळतं. मीही बाई आहे," त्या म्हणाल्या.

हे वाक्य म्हणणाऱ्या बायकांचा मला विशेष तिटकारा आहे. "रकान्यात कुणाचा ते लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"लिहायची गरज तरी कुणाला वाटेल? ते उघड आहे."

"मला उघड वाटलं नाही."

मॅडमनी सरासरीला बोलावलं. तो आला, उभ्यानेच सगळं ऐकून घेतलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर मी काय बघितलं असेल? लाज नाही, राग नाही. उत्सुकता. एखाद्या लहान मुलाला यंत्रातला सैल स्क्रू सापडावा तशी. "तांत्रिकदृष्ट्या ती म्हणते ते बरोबर आहे," तो म्हणाला. "कुणाचा, हे तिथे नाहीच. म्हणजे उद्या बाहेरच्या कुणी तपासलं आणि विचारलं तर आपल्याकडे उत्तर नाही. बरं झालं आत्ताच सापडलं. एक शब्द घालू. 'सहभागी स्त्रीचा मृत्यू.' मग प्रश्न मिटला."

"मिटला," मॅडम म्हणाल्या. त्यांना खरोखर हायसं वाटलं. "तूच घाल तो शब्द. तुझ्याच हातचं काम आहे ते." आणि मग, मायेने, "आणि तुझं काय करायचं? दोन दिवस सुट्टी घे हवी तर. मग आधीमध्ये ये. तुझ्यासारखी नियमित बाई आपल्याकडे नाही गं."

"माझं आधीचं वजन अठ्ठावन्न आहे," मी म्हटलं.

"ते जुनं झालं. आता एकसष्ट आहे ना?"

"अठ्ठावन्न लिहिणार असाल तर मी आधीची. एकसष्ट लिहायचं असेल तर मी आधीची नाही."

सरासरीने डोकं खाजवलं. त्याने खरंच विचार केला, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. "एकीला एक नियम आणि चाळिसांना दुसरा, असं कसं करता येईल? करायचं तर सगळ्यांचं करावं लागेल. मग मधले महिने परत आणा, मग चौथा गट करा, त्याला नाव द्या... सगळा लेख बदलतो." तो मॅडमकडे वळला. "वगळलेलं सोपं."

"अगं, का हट्ट करतेस?" मॅडम म्हणाल्या. "वगळलीस म्हणजे तू आमच्या अभ्यासात नव्हतीसच, असं होतं. आधीही नाही, दरम्यानही नाही. ते बरं का?"

चौथा गट. हे दोन शब्द सरासरीच्या तोंडून निसटले होते आणि तो ते विसरलाही होता. पण बोलले गेले होते. त्या खोलीत, दार लावून, क्षणभर एक चौथी खोली असू शकत होती. तिच्यात त्या पैंजणवालीसकट सगळ्या एक्केचाळीस जणी उभ्या राहू शकल्या असत्या, आपापली रेघ हातात धरून, तुटलेल्या टोकासकट. तिला नाव काय द्यायचं, एवढाच प्रश्न होता, आणि या दोघांना नाव सुचत नव्हतं म्हणून ती बांधली जाणार नव्हती. मलाही सुचलं नाही. सुचलं असतं तर मी सांगितलं असतं का, हेही सांगता येत नाही. मला त्यांचा लेख सुधारायचा नव्हता.

"वगळा," मी म्हटलं.

जागेवर येऊन मी आधी तो शब्द घातला. सहभागी स्त्रीचा. दोनदा तपासला, कारण चुकीचं टाइप केलेलं मला खपत नाही. म्हणजे माझ्या सगळ्या बंडाचं फळ इतकंच, की पुढच्या एखाद्या बाईला शिरायला जी फट होती ती मी माझ्याच हाताने बुजवली. मग स्वतःला 'इतर'मध्ये टाकलं. यंत्राने विचारलं, नक्की? मी नक्की म्हटलं. ओळ करडी झाली. दुपारी शिकाऊ डॉक्टरीण येऊन उभी राहिली, बोटांनी टेबलाची कड पुसत. "मी बैठकीत बोलणार होते," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो, तू बोलणारच होतीस." ती गेली. चार वाजता मी फायलींच्या खोलीत जाऊन बटाटे खाल्ले, सगळे, सालांसकट.

संध्याकाळी घरी सासूबाई टीव्हीसमोर लसूण सोलत होत्या आणि नवरा अंघोळ करून ओल्या पायांनी काट्याकडे निघाला होता. मी म्हटलं, थांब, आधी मी. तो बाजूला झाला, जरा दचकून, कारण त्याच्यासमोर मी कधी चढत नाही. मी चढले. आकडा थरथरला, वरखाली झाला आणि थांबला. एकोणसाठ आणि वर थोडे.

"अरे वा," तो म्हणाला. "साठच्या खाली आलीस की. आई, साठच्या खाली आली ही."

"देवाला डोळे आहेत," सासूबाई आतून म्हणाल्या.

इतकी अंडी, इतकी केळी, आणि ते उतरत होतं. मला न विचारता, सावकाश. मला हे माहीत असायला हवं होतं. ते बरंचसं पाणी असतं आणि रक्त, शरीर ते ठेवत नाही, चाळीस जणींच्या रेघा मीच लावल्या होत्या आणि चाळिसांच्या चाळीस तशाच हळूहळू खाली येत होत्या. त्या आकड्यांची वर्षानुवर्षं राखण केली आणि माझ्या बाबतीत ते वेगळं वागतील असं धरून बसले. त्या लग्नाचं वजन सांगणाऱ्या बायकांहून मी कुठे शहाणी? आणि हे अंग, ज्याच्यासाठी मी मॅडमशी भांडले, सरासरीच्या तोंडाला लागले, ते आधीच त्यांच्या बाजूला गेलेलं होतं. ते पाटी कोरी करत होतं. सगळ्यांत आधी.

"उतर ना," नवरा म्हणाला. "मला बघू दे माझं."

मी उतरले नाही. तो वाट बघत उभा राहिला, टॉवेल खांद्यावर, मग त्याला काहीतरी कळलं असावं, कारण त्याने आईला टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितलं आणि माझ्याशेजारी जमिनीवर, काट्याला लागून, भिंतीला पाठ टेकून बसला. मला त्याला विचारावंसं वाटलं, कुठले तीन ते आता कळलं का. पायाखाली काच गार होती. आकडा विझला.

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं होतं की ते तपासणीच्या दहा दिवस आधीच थांबलेलं होतं. त्या दहा दिवसांत घरच्या काट्यावर माझं वजन चारशे ग्रॅमनी वाढलं होतं.